खोली पाहून घ्यावी

येत्या रविवारी आमच्या साडूंची बोट पाहायला भिगवणकडचं एक गिऱ्हाईक येणार आहे, आणि ते असेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही, असं घरात ठरलं आहे. घरात म्हणजे दोन्ही घरांत. ठरावाच्या सूचक आमच्या मेहुणीबाई, अनुमोदक आमची ही, अध्यक्षस्थानी स्वतः साडू. मला चर्चेत भाग घेता आला नाही, कारण ठराव माझ्या बोलण्याविरुद्धच होता. लिहायचं नाही, असं मात्र त्यात कुठे म्हटलेलं नाही. तेव्हा लिहितो.

साडूंची बोट हे शब्द वाचून तुम्ही दचकला असाल. मीही दचकलो होतो. नगर जिल्हा (२०२४ साली त्याचं अहिल्यानगर झालं, पण माझी जीभ जुन्या वळणाची) हा काही बोटी पाळण्याचा जिल्हा नव्हे. इथे पाऊस सह्याद्री ओलांडताना अकोल्याला कंबर मोकळी करतो आणि पाथर्डी-कर्जतकडे नुसताच पाहून जातो. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडे निम्मा जिल्हा खडी फोडत होता. नगर शहराबाहेर निजामशाहीतली फराह बाग आहे. मोठ्या हौसेनं तळ्याच्या मधोमध महाल बांधला. महाल अजून उभा आहे, तळं कधीच आटलं. नगरकरानं पाण्यात पैसे घातले की काय होतं, हे चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच दगडात बांधून ठेवलेलं आहे. पण साडूंनी ते बाहेरूनच पाहिलेलं.

पाणी अगदीच नाही असंही नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ पासून आहे, राहुरीजवळ मुळा आहे, आणि १९७६ साली पैठणला जायकवाडीचं उद्घाटन झालं तेव्हापासून नाथसागराची शेपटी शेवगाव आणि नेवासे तालुक्यांत शिरून बसली आहे. ह्या शेपटीच्या काठाशी साडूंची जमीन. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात छत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले, आणि एका संध्याकाळी पाण्याकडे बघत ते म्हणाले, "साडूभाऊ, ह्या पाण्यावर आपली एक बोट पाहिजे. साधी नाही. केबिनची. लोक हुरड्याला येतात, रोहित पक्षी बघायला येतात, बसतात कुठं? बांधावर! त्यांना पाण्यावर बसवू."

कल्पना वाईट नव्हती. नवी बोट परवडणार नव्हती, म्हणून जुनी घ्यायची ठरली. इथपर्यंतही माझी तक्रार नाही. माझी तक्रार इथून पुढे सुरू होते.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही मुंबईच्या बाजूला एका खाडीत बोट पाहायला गेलो. पावसाळ्यात तिकडे सफरीच्या बोटी बंद, त्यामुळे मे महिन्यात विकणारे घाईत असतात आणि घेणाऱ्यांना आपण फार हुशार आहोत असं वाटतं. बोट चोवीस फुटी, फायबरची, बारा वर्षांची, आत डिझेल इंजिन. विकणारा माणूस फार गोड. त्यानं आम्हांला सरळ केबिनमध्ये नेलं. दोन गाद्या, मिटणारं टेबल, इवलंसं मोरीघर, नळ सोडला की पाणी येतं (नगरच्या माणसाला हा एवढा चमत्कार पुरतो), खिडक्यांना जाळीचे पडदे, खाली तांबडा गालिचा आणि कोपऱ्यात उदबत्ती. साडूंनी गादीवर बसून पाहिलं, आडवं होऊन पाहिलं, पडदा सारून पाहिला आणि मला म्हणाले, "खोली झकास आहे."

आता मराठी ही मोठी सावध करणारी भाषा आहे. तिनं राहायच्या खोलीला आणि पाण्याच्या खोलीला एकच शब्द ठेवला आहे. बोट घेणाऱ्यानं खोली पाहावी हे खरंच. कुठली, एवढाच प्रश्न असतो. साडूंनी जी पाहिली ती साडेसहा लाखांना पडली.

मी म्हटलं, "बोट पाण्याबाहेर काढून तळ पाहू."

विकणारा हसला. "साहेब, बोट पाण्यातच शोभते."

साडूही हसले. मला वाटतं, जगातले सगळे फसलेले व्यवहार ह्या दोन हसण्यांमध्ये झालेले आहेत.

मला खरा राग आला आहे तो ह्याचा, की हेच साडू काष्टीच्या बाजारात बैल घेताना मी पाहिलेले आहेत. काय तो थाट! हेड्या कितीही गोड बोलो, साडूंचा पहिला हात बैलाच्या जबड्यात. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळून गेलाय? मग पाठीवरून हात. मग खांदा, जू घासून सुजलाय का. खूर उचलून पाहायचे. शिंगं तासून, तेल लावून म्हातारा बैल जवान केलाय का, ते नखानं खरवडून पाहायचं. मग चालवायचा, मग पळवायचा, मग गाडीला जुंपून चिखलातून ओढायला लावायचा. भोवरा कुठे आहे तेही पाहायचं (ह्यावर माझा विश्वास नाही, पण निदान पाहणं तरी होतं). आणि एवढं सगळं झाल्यावर रुमालाखाली हात घालून बोटं दाबत भाव करायचा. असा माणूस साडेसहा लाखांची वस्तू घेताना गादीवर आडवा होऊन पाहतो आणि म्हणतो, झकास! कारण काय, तर "आपल्याला बोटीतलं काय कळतं!" अहो, पण बैलातलं कळतं ना? मग बैलासारखी पाहा!

"जुनी मोटार घेतो तशीच जुनी बोट," हे दुसरं एक आवडतं वाक्य. ते म्हणणाऱ्याला माझं एकच विचारणं आहे. मोटार बंद पडली की आपण काय करतो? खाली उतरतो आणि ढकलतो. बस्स. एवढ्या एका फरकावर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे.

बोटीचा जबडा म्हणजे तिचा तळ. तो पाण्याखाली असतो, म्हणून ती बाहेर काढायची. काढायला खर्च येतो, तो घेणाऱ्यानं सोसायचा आणि कुरकुर करायची नाही. विकणारा काढू देत नसेल तर चहा पिऊन परत यायचं. फायबरच्या तळाला वर्षानुवर्षं पाण्यात राहून फोड येतात, कांजण्यांसारखे. एखादा फोड टोचला आणि आतून आंबट वासाचं पाणी आलं, तर पाणी आतल्या थरांत मुरलं आहे असं समजावं. ताजा रंग लावलेला तळ हा तासलेल्या शिंगांचा भाऊ. रंगाला विचारायचं नाही, आवाजाला विचारायचं. लाकडी किंवा रबरी हातोडी घेऊन नाळेपासून मागच्या फळीपर्यंत वीत-वीत अंतरावर हलकेच ठोकत जायचं. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो. थर सुटलेले असतील किंवा आतलं लाकूड कुजलं असेल तिथे ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा 'ठब' येतो. आपण माठ घेताना दुसरं काय करतो? पन्नास रुपयांचा माठ वाजवून घ्यायचा आणि बोट घ्यायची ती पडद्यांवरून!

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही. तिथेच किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलानं आमचा व्यवहार होऊन गेल्यावर मला ते फुकट दिलं. "आधी का नाही बोललात?" असं विचारलं, तर म्हणाला, "कोणी इचारलाय?" ह्या एका वाक्यानं माझी जी झोप उडाली आहे ती अजून आलेली नाही, आणि रविवारच्या माझ्या मौनाशी तिचा संबंध आहे.

तांडेलाचं दुसरं म्हणणं इंजिनाबद्दल होतं. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावं. आम्ही पोचलो तेव्हा ते आधीच चालू करून ठेवलेलं होतं. "तुमच्यासाठी तयार ठेवलंय साहेब," म्हणे. साडूंना हा आदरसत्कार वाटला. तापलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं. थंडीत, पहाटे, पहिल्या झटक्यात होतं का ते पाहायचं असतं. तेलाची पट्टी बाहेर काढून बोटावर तेल घ्यायचं. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर तेलात पाणी गेलं आहे आणि तुमचे पैसेही त्याच वाटेनं जाणार आहेत. काळा धूर, निळा धूर, पांढरा धूर ह्या तिघांची तीन दुखणी असतात. निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. पांढरा थंड इंजिनाला क्षणभर माफ असतो, तापल्यावरही येत राहिला तर मात्र मिस्तरी गाठावा. पंखा हातात धरून वरखाली हलवून पाहायचा. खडखडला तर दांड्याचं बेअरिंग गेलं. इंजिन मागे टांगलेलं असेल तर तेही उचलून-दाबून पाहावं, आणि त्याबरोबर मागची फळी वाकते का ते पाहावं. वायरी कुठेतरी सोलून पाहाव्यात. खाऱ्या हवेत आतलं तांबं हिरवं पडतं. आणि चाचणी घ्यायची ती दहा मिनिटं खाडीत गोल फिरून नव्हे. तासभर, आणि जितकी माणसं बसवणार तितकं ओझं घालून. बैल रिकाम्या गाडीला जुंपून कुणी पाहतं का?

गालिचा उचलायचा, हे सांगायचं राहिलंच. ज्या बोटीत गालिचा चिकटवलेला असतो तिथे तो आधी उचलायचा आणि खालच्या जमिनीवर टाच मारायची. जमीन दबली तर खालचं प्लायवूड मेलेलं आहे. त्याखालच्या पोटात पाणी किती आहे, ते उपसणारा पंप दर पाच मिनिटांनी आपोआप का सुरू होतो, हे विचारायचं. केबिनमधला गॅस तर फारच बेरका. तो हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून निघून तरी जाईल. बोटीत तो तळाशी उतरून बसतो आणि कुणीतरी चावी फिरवायची वाट पाहतो. साडूंच्या बेतात केबिनमध्ये शेगडी, शेगडीवर चहा आणि थालीपीठं होती.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला आहे. नोंदणी, तपासणीचा दाखला, इंजिनाचा नंबर कागदाशी आणि कागदावरचं नाव विकणाऱ्या माणसाशी जुळतं का, हे पाहावं. आणि तपासायला एक जाणता माणूस पैसे देऊन आपला न्यावा. विकणाऱ्यानं आणलेला तपासनीस म्हणजे मुलाकडच्यांनी आणलेला ज्योतिषी.

असो. बोट आली. ट्रेलरवर निळी ताडपत्री झाकून, घाट चढून, नगर ओलांडून शेवगावच्या रस्त्याला लागली. तिसगावच्या पुढे एका वस्तीपाशी ड्रायव्हर चहाला थांबला, तर दहा मिनिटांत बायका हंडे-कळश्या घेऊन रांगेत उभ्या. मे महिना होता. एवढं मोठं काहीतरी ताडपत्री घालून आलंय म्हणजे टँकरच! साडूंनी ताडपत्री वर करून बोट दाखवली. एक म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आन् ह्याला पानी कुठून आननार?" बोट खरेदीच्या सबंध व्यवहारात विचारला गेलेला हा पहिला शहाणा प्रश्न. मी हसलो नाही. तिचा हंडा रिकामा होता.

तो प्रश्न खराही ठरला. २०२३ साली पावसानं ओढ दिली आणि जायकवाडी निम्मीही भरली नाही. आता आमचे साडू म्हणजे कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या कारखान्यातले. नगरच्या धरणांतलं थेंबभर पाणी जायकवाडीला जाऊ देणार नाही, म्हणून त्यांनी पूर्वी रस्त्यात सतरंजी टाकून रास्ता रोको केलेला. बोट आल्यावर ते रोज सकाळी चष्मा लावून पेपरात जायकवाडीची टक्केवारी बघायला लागले. नोव्हेंबरात वरच्या धरणांतून पाणी सोडायचा निर्णय झाला तेव्हा जिल्हाभर निषेध चालू होता आणि साडू दार लावून आत पेढा खात होते.

जानेवारीत हुरड्याच्या दिवशी बोट पाण्यात घालायची ठरली. पाणी मागे हटलेलं, मधे गाळपेराची जमीन, म्हणून ट्रॅक्टरनं ट्रेलर ओढत नेला. नारळ फुटला. पाव्हणेरावळे मिळून पंधरा माणसं, त्यांत चार नातवंडं. मी विचारलं, "जॅकेटं किती?" साडूंनी गादीखालून चार काढली. दोहोंचे पट्टे तुटलेले, एकातला थर्मोकोल पिठासारखा सांडत होता, आणि चारही मोठ्या माणसांच्या मापाची. त्यात पोर घातलं तर पोर खाली राहणार आणि जॅकेट तरंगणार.

मी बोटीचा दोर धरला आणि म्हटलं, पोरं चढणार नाहीत.

"साडूभाऊ, शुभ दिवशी असं बोलू नये," साडू म्हणाले.

"शुभ दिवशी बुडू नये," मी म्हटलं.

मेहुणीबाई रडल्या, नातवंडं भोकाड पसरून रडली, एका पाव्हण्यानं मला "पुस्तकी" म्हटलं. ही माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दाजी, पोरं नकोत." तेवढ्यानं निभावलं. सहा मोठी माणसं गेली. काठापासून दोन-तीनशे फुटांवर इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं. गालिच्यावर पाणी आलं, पंप सुरू झाला, मग बॅटरी संपली. केबिनवाल्या बोटीला अखेर दोर लावून काठाला कुणी आणलं, तर थर्मोकोलच्या तराफ्यावरून मासे धरणाऱ्या दोघा पोरांनी. त्यांच्या तराफ्याला खोली नव्हती.

संध्याकाळी वनरक्षक आला. हे पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्यात आहे, परवानगी कुठे आहे, असं त्यानं अगदी नम्रपणे विचारलं. पाहायच्या गोष्टींत हेही होतं. बोट जिथे चालवायची ते पाणी कुणाचं आहे, उन्हाळ्यात किती उरतं आणि खाली काय आहे. इथे खाली बुडालेल्या गावांच्या भिंती आहेत आणि बोटीला अडीच फूट पाणी लागतं.

तेव्हापासून बोट साडूंच्या अंगणात लिंबाखाली उभी आहे. दुपारी ते केबिनमध्ये झोपतात. इंजिनाच्या खोबणीत एक कोंबडी बसते. मीही तिथे एकदा वामकुक्षी केली आहे आणि खोली खरोखरच हवेशीर आहे, हे कबूल करतो. हे असंच चाललं असतं तर मी चकार शब्द लिहिला नसता.

पण आता तळाला नवा निळा रंग लागला आहे. नवा गालिचा आला आहे. गिऱ्हाईक उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी दाखवायला माणसं नेणार आहे, म्हणजे तुम्हीआम्हीच त्या बोटीत बसणार. साडूंचं म्हणणं, "मला तरी कुणी सांगितलं होतं? पाहणाऱ्यानं पाहून घ्यावं." वर हे, की घरातलं घरात ठेवावं, फंडाचा पैसा आहे, मेहुणीच्या दोन बांगड्याही त्यात आहेत. ह्यातलं शेवटचं मला पटतं आणि म्हणूनच झोप लागत नाही.

मात्र ह्याच साडूंनी एकदा नांगराला बसणारा बैल काष्टीच्या बाजारात परत नेऊन हेड्याच्या दावणीला बांधला होता. चार माणसांत म्हणाले होते, "खोड सांगून विकायची असते! सांगितली असतीस तर कमी भावात घेतला असता, फसवलंस कशाला?" हेड्यानं मुकाट्यानं पैसे मोजून दिले. तेव्हा मला साडूंचा अभिमान वाटला होता. बैलाची खोड सांगायची, आणि बोटीची लपवायची? बैल बसला तर नांगर थांबतो.

२०२४ च्या मे महिन्यात ह्याच उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा माणसं गेली. दोनच दिवसांनी आपल्या जिल्ह्यात, अकोले तालुक्यात सुगावजवळ, प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली. त्यात दलाचे तीन जवान गेले. पाण्यात उतरणं हेच ज्यांचं काम, ते. त्या बोटी जुन्या होत्या की नव्या, हा इथे प्रश्नच नाही. धडधाकट बोटीलाही पाणी असं वागवतं. मग 'ठब' वाजणाऱ्या तळाच्या बोटीत तिकीट काढून पोरं बसवायची, आणि मी अंगणात बसून शेंगा सोलायच्या?

साडूंना मी मार्ग सुचवला आहे. दोष सांगा, इंजिन वेगळं विका, आणि बाकीची बोट रस्त्याकडेच्या एखाद्या हॉटेलवाल्याला द्या. लोक केबिनमध्ये बसून मिसळ खातील आणि कुणी बुडणार नाही. बांगड्यांपुरते पैसे तरी सुटतील, कमी पडले तर मी भर घालीन. साडूंनी उत्तर दिलेलं नाही. पण परवा फोनवर त्यांनी, "रविवारी लवकर या," असं म्हटलं, आणि ते माझं तोंड धरायला म्हणाले की उघडायला, ते आवाजावरून कळलं नाही.

काल मी हार्डवेअरच्या दुकानातून एक रबरी हातोडी आणली. ठरल्याप्रमाणे मी बोलणार नाही. रुमालाखाली बोटं दाबायला तोंड लागत नाही, आणि गिऱ्हाईकाच्या हातात हातोडी द्यायलाही लागत नाही. आज सकाळी ही रविवारची पिशवी भरत होती. चिवड्याचा डबा ठेवताना तिला हातोडी दिसली. तिनं ती उचलली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पिशवीत ठेवली, आणि वरून टॉवेल झाकला.